कर्त्याचा लोप : ‘डीपवॉटर होरायझन’ अपघातानंतरच्या कंपनी-निवेदनांचे भाषिक परीक्षण

१

क्रिया म्हटली की ती करणारा आलाच, ही व्याकरणाची पहिली समजूत होय. परंतु क्रिया सांगूनही कर्ता न सांगण्याच्या सोयी प्रत्येक भाषेने करून ठेवलेल्या असतात, आणि मराठीत तर त्यांच्या छटा विशेष सूक्ष्म आहेत. ‘त्याने पेला फोडला’, ‘त्याच्या हातून पेला फुटला’ आणि ‘पेला फुटला’ ही तीनही वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतात. पहिल्यात माणूस आणि कृती यांचा संबंध उघड आहे. दुसऱ्यात माणूस उरतो, पण त्याचा हेतू गळून पडतो. तिसऱ्यात पेला जणू आपला आपणच फुटतो. घरातल्या पेल्यापुरते हे भेद निरुपद्रवी आहेत. फुटणारी वस्तू जेव्हा समुद्राखालची तेलविहीर असते आणि तिच्यापायी माणसे मरतात, तेव्हा या तिहींतून कोणते वाक्य निवडावे हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. भरपाई, दंड आणि शिक्षा यांचे भवितव्य त्या निवडीशी जखडलेले असते.

२० एप्रिल २०१० च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात झालेल्या अपघातानंतर संबंधित कंपन्यांनी जी निवेदने केली, त्यांचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे. कंपन्यांचा कायदेशीर पवित्रा आणि त्यांची प्रसिद्धी या दोन गोष्टी सामान्यतः वेगवेगळ्या मानल्या जातात. पहिली वकिलांची, दुसरी जाहिरातकारांची. प्रत्यक्षात दोहोंचे व्याकरण एकच होते, असे त्या निवेदनांच्या वाचनातून दिसून येते.

२

प्रथम घटना. लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर, सुमारे दीड हजार मीटर खोल पाण्याखाली ‘मॅकोन्डो’ नावाची विहीर खोदण्याचे काम चालू होते. विहीर बीपी कंपनीच्या अखत्यारीतील होती. खोदकाम करणारी ‘डीपवॉटर होरायझन’ ही तरंगती रिग ट्रान्सओशनची होती. विहिरीतील सिमेंटचे काम हॅलिबर्टनकडे होते. विहिरीतून वायू उसळून वर आला, त्याचा स्फोट झाला आणि दोन दिवसांनी, २२ एप्रिल रोजी, रिग बुडाली. रिगवरील १२६ जणांपैकी ११ जण मरण पावले व १७ जण जखमी झाले. मृतांचे देह सापडले नाहीत. विहीर ८७ दिवस वाहत राहिली.

या अकरा जणांपैकी नऊ ट्रान्सओशनच्या आणि दोन एम-आय स्वॅको या कंपनीच्या नोकरीत होते. बीपीच्या वेतनपटावर त्यांच्यापैकी एकही नव्हता. कामाचा आदेश एकाचा, यंत्र दुसऱ्याचे, सिमेंट तिसऱ्याचे आणि मरणारा कामगार भलत्याच्याच वेतनपटावर, अशी ही रचना होती. कर्त्याचा लोप निवेदन लिहिताना प्रथम झाला असे नाही. कंत्राटांच्या मांडणीतच त्याची पूर्वतयारी झालेली होती. ११ मे २०१० रोजी अमेरिकन सेनेटच्या समित्यांपुढे तीनही कंपन्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांकडे बोट दाखविले, ते याच मांडणीच्या आधाराने.

३

या साहित्यातील पहिला मजकूर वृत्तपत्रांसाठी नव्हता. वाचलेल्या कामगारांना जवळच्या पुरवठा-जहाजाने उचलून घेतले. किनारा गाठण्यास त्यांना चोवीस तासांहून अधिक काळ लागला. जमिनीवर आल्यावर, घरी पोहोचण्यापूर्वीच, ट्रान्सओशनच्या वतीने त्यांच्यापुढे एक छापील निवेदन सहीसाठी ठेवण्यात आले. घटना आपण पाहिली नाही, तिच्याविषयी आपणास प्रत्यक्ष माहिती नाही, आणि आपणास इजा झालेली नाही, अशा आशयाची वाक्ये त्यात आयती लिहिलेली होती. न झोपलेल्या, कोठे कोठे दुखते आहे याचाही अंदाज न आलेल्या माणसांपैकी काहींनी त्यावर सह्या केल्या. पुढे त्यांतल्याच काहींना त्या सह्यांचे स्पष्टीकरण देत बसावे लागले.

भाषेच्या दृष्टीने हा कागद फार बोलका आहे. या सर्व प्रकरणात कंपनीने कामगाराला प्रथमपुरुषी बोलू दिले ते येथे. आणि दिले ते केवळ नकारार्थी वाक्यांत. ‘मी’ हे सर्वनाम त्याला मिळाले, पण ‘पाहिले’ हे क्रियापद नाही. वाक्य कंपनीचे होते, आवाज तेवढा कामगाराचा होता. साक्षीदाराला गप्प बसविण्याचा हा प्रकार नव्हे, त्याहून तो खोल आहे. गप्प बसलेला माणूस पुढे केव्हा तरी बोलू शकतो; ‘मला सांगण्यासारखे काही नाही’ हे ज्याच्या सहीने लिहिले गेले, त्याला प्रथम स्वतःशीच वाद घालावा लागतो.

४

प्रसिद्धीची भाषा वेगळी वाटते, कारण तीत नकार नसतो. उलट जबाबदारीची मुक्तहस्ते कबुली असते. बीपीचे तत्कालीन मुख्य अधिकारी टोनी हेवर्ड यांनी ३ मे २०१० रोजी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, अपघात आपला नव्हता, परंतु तेलाची व ते साफ करण्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे आपली आहे, असे सांगितले. वाक्याच्या पूर्वार्धात अपघात, उत्तरार्धात तेल, आणि मध्ये ‘परंतु’. माणसे ज्या शब्दात सामावलेली होती तो शब्द कंपनीने दूर सारला आणि पाण्यावर पसरलेल्या वस्तूचे स्वामित्व पत्करले.

हे औदार्य होते काय? अमेरिकेच्या १९९० च्या तेलप्रदूषणविषयक कायद्याने विहिरीच्या चालकावर सफाईची जबाबदारी दोषाची वाट न पाहताच टाकलेली आहे. म्हणजे जे कायद्याने अगोदरच देणे होते, ते प्रसिद्धीने स्वखुशीचे दान म्हणून सादर केले. ज्याविषयी कायदा अद्याप विचारणार होता, म्हणजे माणसे का मेली, त्याविषयी निवेदन सावध राहिले. ‘जबाबदारी’ हा शब्द वकिलाच्या कोशात एका अर्थाचा, श्रोत्याच्या मनात दुसऱ्या अर्थाचा. आणि हे दोन अर्थ एकाच उच्चारात ऐकू यावेत, हाच त्या शब्दाचा उपयोग होता.

पुढील तीन महिन्यांत या प्रसिद्धीला पैशाचे पाठबळ मिळाले. एप्रिल ते जुलै २०१० या काळात बीपीने जाहिरातींवर ९ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक खर्च केला. ‘ऑइल स्पिल’ हे शब्द शोधणाऱ्यास प्रथम कंपनीचे पान दिसावे म्हणून शोधयंत्रांवरील जागाही तिने विकत घेतली. विकत घेतलेले शब्द कोणते, हे महत्त्वाचे आहे. ‘स्पिल’ म्हणजे सांडणे. सांडणे ही भांड्याची आणि द्रवाची क्रिया आहे. तीत मनुष्य मरत नाही. वृत्तपत्रांनी आणि सरकारनेही हेच नाव वापरले, त्यामुळे एकट्या कंपनीला त्याचे अपश्रेय देता येणार नाही. परंतु घटनेला तेलाचे नाव पडताच अकरा माणसे तिच्या प्रस्तावनेत गेली, ही वस्तुस्थिती राहतेच.

३० मे रोजी हेवर्ड यांनी क्षमायाचना करता करता आपल्यालाही आपले पूर्वीचे आयुष्य परत हवे असल्याचे उद्गार काढले. मृतांच्या कुटुंबीयांची त्यांना नंतर वेगळी क्षमा मागावी लागली. हे बोलणे असंस्कृतपणाचा नमुना म्हणून गाजले. वास्तविक सहा आठवड्यांतील ते सर्वांत अकृत्रिम वाक्य होते. बोलणारा, त्याची इच्छा आणि इच्छेचा विषय, तिन्ही त्यात जागच्या जागी आहेत. संताप झाला तो यामुळे की, ‘आयुष्य’ हा शब्द अखेर उच्चारला गेला तो भलत्याच माणसाच्या संदर्भात.

५

ट्रान्सओशनचा पवित्रा अधिक जुन्या कायद्यावर उभा होता. १८५१ चा एक अमेरिकन कायदा जहाजमालकाचे दायित्व, अपघातानंतर जहाजाची जी किंमत उरेल तिच्याइतके मर्यादित करण्याची मुभा देतो. त्याच्या आधारे कंपनीने मे २०१० मध्ये आपले दायित्व सुमारे २ कोटी ६७ लाख डॉलरपुरते मर्यादित करावे, असा अर्ज न्यायालयात केला. रिग मात्र ५६ कोटी डॉलरला विमित होती. अर्ज बेकायदा नव्हता. तो करण्याचा अधिकार कंपनीला होता. तथापि बुडालेल्या यंत्राची किंमत मालकासाठी एक आणि मृतांच्या वारसांसाठी दुसरी ठरते, हे त्या दोन आकड्यांनी दाखवून दिले.

वर्षभराने, एप्रिल २०११ मध्ये, भागधारकांसाठी प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत याच कंपनीने २०१० हे सुरक्षिततेच्या दृष्टीने आपल्या इतिहासातील सर्वोत्तम वर्ष असल्याचे नमूद केले आणि अधिकाऱ्यांना त्या निकषावर बक्षिसी दिली. आखातातील दुःखद जीवितहानी झालेली असली तरी, अशी त्या विधानाची सुरुवात होती. ‘असली तरी’ या रचनेने वाक्यातील गौण भाग मुख्य भागाला शरण जातो. येथे अकरा मृत्यू गौण वाक्यात आणि आकडेवारी मुख्य वाक्यात आली. नोंदलेल्या अपघातांचे प्रमाण काढणाऱ्या पद्धतीत बोट चेंगरणे हीही एक घटना आणि रिग जळणे हीही एक घटना असू शकते. म्हणून विधान हिशोबाने खरेही असेल. टीका होताच कंपनीने शब्दयोजनेबद्दल दिलगिरी दर्शविली आणि अधिकाऱ्यांनी ती बक्षिसी मृतांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला दिली. दिलगिरी शब्दयोजनेपुरती होती. वाक्यरचना ज्या मोजमापातून आली, ते तसेच राहिले.

६

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अपघाताची कारणे तपासाधीन असताना कंपनीने कर्ता सांगावा तरी कसा? वकिलाने सावधगिरी शिकवावी यात गैर काय? शिवाय असे मोठे अपघात खरोखरच अनेक कारणांच्या गुंत्यातून घडतात. तेव्हा कर्तृहीन वाक्य हेच अधिक सत्यनिष्ठ असू शकेल.

आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याची कसोटी बीपीच्याच ८ सप्टेंबर २०१० च्या तपास-अहवालावर घेता येते. यांत्रिक बिघाड, मानवी निर्णय, अभियांत्रिकी आराखडा, कार्यवाही आणि गटागटांतील समन्वय यांची परस्परांत गुंतलेली साखळी एकत्र आली व अपघात घडला, असा त्याचा निष्कर्ष होता. ही सगळी नामे आहेत. ‘निर्णय’ आहे, पण कोणी ठरविले ते क्रियापद नाही. स्फोटापूर्वी काही तास विहिरीच्या दाबाची चाचणी झाली. तिने विहीर पक्की बंद झालेली नसल्याचे दर्शविले होते. रिगवरील बीपीच्या व ट्रान्सओशनच्या माणसांनी ती यशस्वी मानली आणि काम पुढे नेले. इतके साधे वाक्य लिहिण्याइतकी माहिती तोपर्यंत जमली होती, आणि अहवालाच्या आतील पानांत ती येतेही. लोकांपुढे जाणाऱ्या सारांशात मात्र ती नामांच्या साखळीत विरघळते. गुंतागुंत सांगणे वेगळे आणि गुंतागुंतीला कर्तेपद देणे वेगळे. पहिले शास्त्र आहे. दुसरा बचाव आहे.

७

कर्ता अखेर वाक्यात परतला तो फौजदारी न्यायालयात. १५ नोव्हेंबर २०१२ रोजी बीपीने चौदा गुन्ह्यांची कबुली देण्याचे मान्य केले. त्यांतील अकरा गुन्हे प्रत्येक मृतामागे एक, असे निष्काळजीपणाने घडविलेल्या मनुष्यवधाचे होते, आणि एक अमेरिकन काँग्रेसच्या कामात अडथळा आणल्याचा होता. दंड व इतर देणी मिळून ही रक्कम ४ अब्ज डॉलर झाली. रिगवरील आपल्या दोन पर्यवेक्षकांनी चाचणीचा अर्थ निष्काळजीपणे लावला, हे कंपनीने त्यात मान्य केले. अडीच वर्षे टाळलेले वाक्य कंपनीने एकदाचे उच्चारले. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बिअर यांनी दोषाची वाटणी बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३० टक्के आणि हॅलिबर्टन ३ टक्के अशी केली.

तरीही कथेचा शेवट समाधानाचा नाही. त्या दोन पर्यवेक्षकांवरील मनुष्यवधाचे आरोप सरकारी पक्षाने डिसेंबर २०१५ पर्यंत टिकविले नाहीत. एकाने जलप्रदूषणाचा सौम्य गुन्हा कबूल केला. दुसऱ्याला ज्यूरीने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्दोष ठरविले. अकरा मृत्यूंबद्दल एकाही व्यक्तीला कारावास घडला नाही. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असल्यामुळे तिने गुन्हा कबूल केला. ती देहधारी नसल्यामुळे तिला तुरुंगात घालता आले नाही. देहधारी म्हणून समोर आणलेले दोघे या यंत्रणेच्या खालच्या पायरीवरचे होते. सर्व दोष त्यांच्या माथी मारणे हेही अपुरे वाक्य ठरले असते. खर्च आणि विलंब यांचे दडपण ज्यांनी वरून निर्माण केले, ते त्यात आलेच नसते.

म्हणून कर्तृहीन वाक्याला पर्याय एककर्तृक वाक्य हा नव्हे. प्रत्येक निर्णयाला त्याचा त्याचा कर्ता आणि त्याचे त्याचे क्रियापद देणारी वाक्यमालिका हाच तो पर्याय होय. आणि ती लिहिण्यास कोणत्याही भाषेचे व्याकरण आड येत नाही. अभ्यासकाने असे मजकूर तपासताना प्रथम शोकाचे शब्द बाजूला ठेवावेत आणि क्रियापदे मोजावीत. ‘अकरा जणांनी प्राण गमावले’ हे सहानुभूतीचे वाक्य मराठीतही सर्रास लिहिले जाते. त्यात गमावण्याची क्रिया करणारे कोण, हे एकदा थांबून पाहावे. त्या वाक्यापुरते पाहिले तर, सर्व अपघातात काही केले असेल तर ते मृतांनीच.