उसना श्वास

1990 साली मायकल क्रेतू यांनी 'एनिग्मा' या नावाने 'सॅडनेस' हे गीत प्रसिद्ध केले. मी तेव्हा सेमिनरीत शिकत होतो. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक ज्या लॅटिन आवाहनाने निघते, तेच आवाहन नृत्याच्या ठेक्यावर ऐकून मी दचकलो. आज, इतक्या वर्षांनी, ते गीत पुन्हा शांतपणे ऐकले. त्यातील कौशल्य नाकारता येत नाही. मंद ठेका, मठातल्यासारखे घुमणारे स्वर आणि त्यांवरून तरंगत जाणारी बासरी मनाला तत्काळ खेचून घेतात.

ही बासरी म्हणजे जपानची शाकुहाची. मात्र ती वाजवायला कोणी वादक बसला नव्हता. 1984 साली आलेल्या 'इम्युलेटर टू' या यंत्राच्या ध्वनिसंग्रहातील ती एक मुद्रित फुंकर आहे. पीटर गॅब्रिएल यांच्या 1986 च्या 'स्लेजहॅमर'मध्येही तीच ऐकू येते. पट्टी दाबली की ती उमटते, दर वेळी तंतोतंत तशीच.

मूळ वाद्याची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. आठव्या शतकातील शाकुहाची नारा येथील शोसोइन भांडारात आजही जपलेल्या आहेत. पुढे फुके पंथाचे बौद्ध साधक डोक्यावर टोपलीसारखे शिरस्त्राण घालून ती वाजवीत. 1871 साली सरकारने तो पंथ बंद केला. त्यांच्या लेखी हे वादन म्हणजे मनोरंजन नव्हते, ध्यान होते. त्यात प्रत्येक श्वास नवा असे.

लॅटिन गायनाचीही हीच कथा. म्युनिकच्या 'कापेला अँतिक्वा' या वृंदाच्या 1976 च्या ध्वनिमुद्रिकेतून ते परवानगीवाचून घेतले गेले. पुढे तक्रार झाली आणि भरपाई द्यावी लागली. गीताच्या नावात मार्की द साद या लेखकावर श्लेष आहे. त्यालाच उद्देशून केलेली फ्रेंच कुजबूज पुष्कळांना खटकली. माझा आक्षेप वेगळा आहे. वासना आणि ईश्वर यांच्यातील झगडा कलेने जरूर मांडावा. संत ऑगस्टीननेही तो मांडला, पण स्वतःचे आयुष्य उघडे करून. इथे मात्र दोन धर्मांतील साधकांची प्रार्थना केवळ वातावरणनिर्मितीसाठी वापरली आहे. म्हणून हे गीत मोहविते, पण कुठे नेत नाही.

दोष यंत्राचा नव्हे. आपल्या गायकवृंदाच्या कीबोर्डवरही बासरीचे बटण असते आणि ते दाबण्यात पाप नाही. परंतु प्रार्थना ज्याची त्यानेच आपला श्वास घालून करावयाची असते. बाकांवरची मंडळी गाणे सोडून नुसती ऐकू लागली, तर आपली उपासनाही उसन्या श्वासावर चालू लागेल.