पन्नाशीतले स्नीकर्स: सोय, हौस आणि सबब



रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्यायची आणि तिच्याकडे जरा थांबून पाहायचं, एवढंच या व्याख्यानांचं काम आहे. आज आपण पायांकडे पाहू. सभागृहात शिरताना आम्ही तुमचे चेहरे नंतर पाहिले, आधी पाय पाहिले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशा व्याख्यानाला येणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाच्या पायात काय असायचं? चामड्याची चप्पल, सँडल, फार तर ऑफिसचे काळे बूट. आज बऱ्याच पायांत जाड पांढऱ्या सोलचे स्नीकर्स आहेत. झब्ब्याखाली आहेत, साडीखालीही आहेत. आणि हे पाय कॉलेजातले नाहीत. हसू नका, या टेबलाखाली आमच्याही पायांत तेच आहेत.

यावर दोन मतं ऐकू येतात. एक पाहणाऱ्याचं: ‘या वयात हे शोभतं का?’ दुसरं घालणाऱ्याचं: ‘छे हो, फॅशन कसली! पायाला बरे वाटतात म्हणून घालतो.’ ही दोन्ही मतं तपासून घेतली पाहिजेत, आणि आमच्या मते दुसरं जास्त कसून.

आधी ‘शोभतं का’ घेऊ. आपल्याकडे पायताण ही कधीच साधी वस्तू नव्हती. ‘पायीची वहाण पायी बरी’ असं आपण सहज म्हणतो, पण ती म्हण वहाणेविषयी नाही, ज्यानं त्यानं आपल्या पायरीनं राहावं याविषयी आहे. कित्येक गावांत सवर्णांच्या घरांवरून जाताना दलितांनी वहाणा काढून हातात घ्यायच्या, असा दंडक होता. कुणाच्या पायात काय असावं हे दुसऱ्यानं ठरवायचं, हा आपला जुना रोग आहे. आता, एखाद्या काकांच्या रंगीत बुटांना हसणं आणि तो दंडक यांचं वजन एक नाही, हे उघड आहे. त्या दंडकात माणसाचा अपमान होता, इथे फक्त टिंगल आहे. पण दोन्हीकडे विचारलेला प्रश्न सारखाच आहे: तू आपल्या जागी का राहत नाहीस? म्हणून ‘वयाला शोभेसं’ हा निकष आम्ही इथेच बाजूला ठेवतो. पन्नाशी हा काही पायाचा आकार नव्हे.

आता दुसरं मत. ‘पायाला बरे वाटतात.’ ज्यांची टाच दुखते, ज्यांना मधुमेहामुळे पाय जपावे लागतात, ज्या बाई दिवसभर वर्गात उभ्या राहून शिकवतात आणि मग लोकलमध्येही उभ्याच असतात, त्यांच्यासाठी हे शंभर टक्के खरं आहे. त्यांच्याशी आमचा वाद नाही. पण दुकानातल्या मांडणीवर नजर टाका. सहज नजरेत भरणारा पांढरा बूट कोणता? आदिदासचा स्टॅन स्मिथ. स्टॅन स्मिथ हे आमच्याच पिढीचे टेनिसपटू, १९७२ साली विम्बल्डन जिंकलेले. सपाट सोलचा, चामड्याचा, टेनिस कोर्टासाठी केलेला हा बूट. आज तो घालून कुणी स्पर्धेत उतरत नाही. दुसऱ्या टोकाला पाहा: २०१७ साली बॅलेन्सियागा या कंपनीनं ‘ट्रिपल एस’ नावाचा बूट काढला. थरावर थर चढवलेला, अवाढव्य आणि चांगलाच जड. हे बूट पायाच्या सुखासाठी प्रसिद्ध झालेले नाहीत. पायाचं सुखच हवं असेल तर शेजारच्या फळीवर चालण्याचे साधे करडे बूट असतात, स्वस्तही असतात. तिथे आपला हात जात नाही.

हे आम्ही दुसऱ्यांविषयी बोलत नाही. गुडघ्याच्या तक्रारीवर डॉक्टरांनी आम्हाला मऊ सोलचे बूट घ्यायला सांगितलं. आम्ही दुकानात गेलो, तासभर बसलो, सात-आठ जोड पायात घालून पाहिले आणि हिरव्या पट्टीचा घेतला. घरी विचारणा झाली तेव्हा आम्ही गंभीरपणे म्हणालो, ‘डॉक्टरांनी सांगितलंय.’ खरं तर डॉक्टरांनी मऊ सोल सांगितला होता, हिरवी पट्टी सांगितली नव्हती.

सार्त्रनं १९४३ साली आपल्या मोठ्या ग्रंथात आत्मवंचनेची फोड केली. माणूस स्वतःच निवड करतो आणि मग स्वतःलाच सांगतो की मला पर्याय नव्हता. आमचं ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे त्याचं घरगुती उदाहरण. आपल्या मध्यमवर्गाला खर्च करताना नेहमी एक दाखला लागतो. पुस्तक असेल तर मुलांच्या अभ्यासाचा, सहल असेल तर हवापालटाचा, बूट असेल तर गुडघ्याचा. ‘मला आवडलं’ हे वाक्य तेवढं तोंडातून निघत नाही.

का निघत नाही? आज पन्नाशीत असलेल्यांची शाळा आठवा. पीटीच्या दिवशी पांढरे कॅनव्हासचे बूट. आदल्या रात्री ते ओल्या खडूनं पांढरे करायचे आणि कौलांवर नाही तर खिडकीत वाळत ठेवायचे. सकाळी चालताना खडूची पूड उडायची. मायकेल जॉर्डनच्या नावाचा बूट अमेरिकेत १९८५ साली बाजारात आला. नव्वदीत घरोघरी केबल आली आणि आपल्या मुलांनी असे बूट पडद्यावर पाहिले. पाहिले एवढंच. मग नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या फिया. आता कुठे हात थोडा मोकळा झालाय. म्हणजे दुकानात उभा असलेला तो पन्नाशीतला माणूस तरुण दिसायला धडपडतोय असं आपण समजतो, पण तो कदाचित तीस वर्षं थांबलेली हौस पुरी करतोय. यात लाजण्यासारखं काय आहे? उलट त्या हौसेला गुडघेदुखीचा मुखवटा चढवणं, हाच तिचा अपमान आहे.

हौस म्हटलं की फॅशन आलीच. जर्मन विचारवंत गेऑर्ग झिमेल यांनी १९०५ साली फॅशनच्या तत्त्वज्ञानावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तेव्हा ते सत्तेचाळिशीत होते, म्हणजे आपल्या विषयाच्या अगदी वयात. त्यांचं म्हणणं असं: फॅशनमध्ये माणसाला दोन गोष्टी एकदम हव्या असतात, चारचौघांसारखं व्हायचं असतं आणि चारचौघांत उठूनही दिसायचं असतं. वरचा वर्ग काही घालतो, खालचा उचलतो, की वरचा ते सोडून पुढे जातो.

स्नीकर्सनं या सिद्धांताचा शेवटचा भाग उलटा केला. हा बूट वरून खाली आला नाही. बास्केटबॉलच्या मैदानांतून, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून तो वर चढला. आणि वयाच्या बाबतीत तर गंमतच झाली. न्यू बॅलन्सचा ९९० हा बूट १९८२ साली पळणाऱ्यांसाठी निघाला, किंमत शंभर डॉलर. पुढे तो आणि त्याचे करडे भाऊबंद अमेरिकेतल्या मध्यमवयीन बापांच्या पायांत स्थिरावले. स्टीव्ह जॉब्सच्या पायांतही न्यू बॅलन्सच असत. फॅशनशी देणंघेणं नसल्याची ती खूण होती. मग तरुणांनी नेमका तोच उचलला आणि त्या जाडजूड घाटाला नाव पडलं ‘डॅड शू’, बापाचा बूट. आता आपल्याकडचा बाप मॉलमध्ये जातो आणि तरुणांची फॅशन म्हणून भरपूर पैसे मोजून बापाचाच बूट घेऊन येतो. कोण कुणाची नक्कल करतंय? तेव्हा ‘हा तरुणांचा बूट आहे, तुम्ही घालू नका’ हा आक्षेप इतिहासातही टिकत नाही.

मग आमची टीका कशावर आहे? एक सबबीवर, ती सांगून झाली. दुसरी जपणुकीवर.

व्हॅन गॉगनं १८८६ साली जुन्या बुटांच्या एका जोडाचं चित्र काढलं. हायडेगरनं त्यावर लिहिलं. त्याला त्या बुटांत शेतकरी बाई, तिचे कष्ट, ओली माती असं सगळं दिसलं. १९६८ साली मेयर शपिरो या कला-इतिहासकारानं सांगितलं की हे बूट शेतकरणीचे नव्हेत, चित्रकाराचे स्वतःचेच असावेत. तो वाद राहू द्या. हायडेगरचा एक मुद्दा मात्र आपल्या कामाचा आहे: वापरात असलेली वस्तू आपल्याला आठवतही नाही, तिच्यावर विसंबून आपण आपलं काम करत असतो. आता जपलेल्या स्नीकर्सकडे पाहा. चिखल दिसला की माणूस उडी मारतो. देवळाबाहेर काढले की दर्शनात अर्धं मन बुटांत. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक, असं आपण म्हणतो. पण जो सारखा आठवतो तो मऊ असूनही चावतच असतो.

आमच्या एका भाच्यानं, तोही पन्नाशीतला, एक महागडा जोड घेऊन खोक्यात ठेवला. ‘मामा, चांगल्या कार्यक्रमाला घालीन.’ पाच-सहा वर्षांनी मुलीच्या पदवीदान समारंभाला काढला. मुंबईची हवा. जिना उतरेपर्यंत सोलचे तुकडे पडायला लागले, ओल्या बिस्किटासारखे. कारण साधं आहे. अशा बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये पॉलीयुरेथेनचा फोम असतो आणि हवेतल्या ओलाव्यानं तो हळूहळू विघटित होतो. बूट घातला नाही तरी होतो. भाचा समारंभाला चपला घालून गेला.

मध्यम वयात नेमकं हेच विसरायला होतं. हौस ‘पुढे कधीतरी’साठी खोक्यात ठेवली म्हणजे ती टिकते, असं आपल्याला वाटतं. ठेवलेलीही झिजते, फक्त तिनं आपल्याला कुठे नेलेलं नसतं.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. पन्नाशीत स्नीकर्स घाला, साठीत घाला. परवडत असतील ते घ्या आणि कुणी विचारलं तर ‘आवडले म्हणून घेतले’ असं सरळ सांगा, निदान घरी तरी. आणि पावसात, बाजारात, भाजी आणायला जाताना घाला. मळू द्या. आमच्या बुटाची हिरवी पट्टी आता मातकट झाली आहे. घरी खरं काय ते आम्ही सांगून टाकलं. उत्तर आलं, ‘ते त्याच दिवशी कळलं होतं.’

इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.