'सापडलं नाही' हेही उत्तर असतं: एका हंगामातले दोन अ‍ॅनिमे



पेट-सेट-नेटच्या तयारीतून थोडा वेळ काढा, आज अ‍ॅनिमेवर बोलू. जुलै ते सप्टेंबर २०२५ च्या हंगामात (जपानचा उन्हाळा, आपल्या मुरूमला पावसाळा) विज्ञानावरच्या दोन मालिका सोबतच आल्या. एक 'डॉ. स्टोन: सायन्स फ्यूचर'चा दुसरा भाग आणि दुसरी 'रुरी रॉक्स'. पहिली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. संशोधनात येणार असाल, तर दुसरी आधी बघा असं मी म्हणेन.

'डॉ. स्टोन'मधला सेन्कू भन्नाट आहे, त्यात वाद नाही. अख्खी मानवजात दगड होऊन हजारो वर्षं उलटल्यावर हा मुलगा शून्यातून विज्ञान उभं करतो. काय बनवायचं ते ठरवतो, मग कच्चा माल, मग एकेक पायरी, असा नकाशाच मांडतो. बघताना अंगावर काटा येतो. पण सेन्कूला बहुतेक वेळा उत्तर आधीच माहीत असतं. आपल्या बीएस्सीच्या प्रॅक्टिकलसारखं, शेवटी काय यायला पाहिजे ते ठरलेलं. पीएचडीत ते कुणालाच ठाऊक नसतं, गाइडलासुद्धा नाही.

'रुरी रॉक्स' तेरा भागांची आहे, स्टुडिओ बाइंडने केलेली. रुरी ही शाळकरी मुलगी दागिन्याच्या हौसेपोटी स्फटिक शोधायला डोंगरात जाते. तिथं तिला नागी भेटते, खनिजशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी. पुढं होतं ते साधंच आहे. नदीच्या वाळूत कण सापडतो, मग तो आला कुठून हे शोधत वरच्या अंगाला जायचं. नीलमच्या शोधात तर ठिकठिकाणची वाळू गोळा करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण निवडत बसायचं. एखाद्या वाळूत काहीच नसेल तर तेवढा भाग शोधातून वगळता येतो. रिकामा नमुनाही नकाशावर जागा भरतो. मला ही मालिका आवडली ती एवढ्यासाठी.

मालिकेत खोट आहेच. नागीकडं कॅमेरा ज्या पद्धतीनं वळतो, ते कथेला बिलकुल गरजेचं नाही आणि खटकतं. दुसरं, शोध बहुतेक वेळा गोड शेवटाला पोचतो. फेलोशिप रखडत नाही, पेपर परत येत नाही, घरचे 'अजून किती वर्षं?' विचारत नाहीत. संशोधनाची पद्धत खरी दाखवली, पण संशोधकाचं आयुष्य बरंच धुऊनपुसून दाखवलंय.

तरी पद्धत खरी आहे, आणि तिचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर समजला जात होता. मग खाली आहे तरी काय, हे बघायला तिथं खोल भोक पाडलं गेलं. सुमारे ३३८ मीटर आपला काळा बेसाल्ट, त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन खडक. ही माहिती कुणा सेन्कूला आधी सुचलेली नव्हती. मीटर-मीटरनं वर काढलेल्या खडकातून ती मिळाली. बेन्नीतुरेच्या काठी आपण ज्या दगडाला 'नुसता दगड' म्हणतो, त्याच्याबद्दल प्रश्न विचारायला कुणीतरी थांबलं म्हणून मिळाली.

हे सगळं सांगायचं कारण आता. संशोधन आराखडा लिहिताना बरेच जण सेन्कूसारखा लिहितात: हे करणार, ते मिळणार, समाजाला फायदा होणार. मुलाखतीत पॅनेलनं विचारलं, "आणि नाहीच मिळालं तर?" की गाडी अडते. ज्या विषयात या प्रश्नाला उत्तर नाही, त्यात तुमची चार-पाच वर्षं एकाच अपेक्षित निकालावर टांगलेली राहतात. घरची परिस्थिती बेताची असेल, तर हा जुगार परवडत नाही.

म्हणून आराखड्यात एक ओळ वाढवा: अपेक्षित निकाल आला नाही, तर त्यातून नेमकं काय कळेल? ती ओळ लिहिता येत नसेल तर विषय पुन्हा तपासा. आणि लिहिता आली, तर निवांत 'रुरी रॉक्स' लावा. वाळू चाळणाऱ्या त्या पोरींशी तुमचं लगेच जमेल.