साहेबांच्या खुर्चीवरचं पोरगं

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. रविवारी सकाळी भोकरहून आईचा फोन आला. सहसा ती आधी जेवणाचं विचारते, मग पगाराचं, मग लग्नाचं. त्या दिवशी थेट म्हणाली, ‘‘प्रद्युमन साहेब गेले रे. बॉम्बमधी.’’ पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. ‘‘ते नवं पोरगं कोण आणून बसवलंय साहेबाच्या खुर्चीवर? तू बघायलास का नाही?’’

मी बघत होतो. माझा आणि ‘सीआयडी’चा जन्म एकाच वर्षीचा, १९९८ चा. २१ जानेवारीला सोनीवर मालिका सुरू झाली आणि त्याच वर्षी पावसाळ्यात मी. भोकरला आमच्या गल्लीत केबल आली तेव्हापासून शुक्रवारची रात्र ठरलेली असायची. लोडशेडिंगच्या काळात ऐन खुनी सापडायच्या वेळी लाईट जायची आणि उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी इन्व्हर्टर होता त्या पोराकडून शाळेत ऐकावी लागायची. तो अर्धी स्वतःच रचून सांगायचा हे फार उशिरा कळलं. पण त्याच्या रचलेल्या गोष्टीतही साहेब हवेत बोटं फिरवायचे, अभिजीत संशय घ्यायचा आणि दया दार तोडायचा. पात्र पक्कं झालं याची मला माहीत असलेली सगळ्यांत खात्रीची खूण हीच. लेखक नसलेल्या माणसालाही ते लिहिता येतं.

या लेखाचा विषय मात्र साहेब नाहीत, ते ‘पोरगं’ आहे. पार्थ समथानने केलेला एसीपी आयुष्मान. दीर्घकाळ चाललेल्या मालिकेत नवा नायक कसा घडवायचा आणि त्यासाठी माणूस कसा निवडायचा, या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उदाहरण आपल्याकडे अलीकडे दुसरं नाही. ते फसलं, आणि चर्चा झाली ती ‘साटमांची सर कोणाला येणार’ एवढीच. मला ती चर्चा अपुरी वाटते.

आधी हिशोब मांडू. बी. पी. सिंग यांनी घडवलेली ही मालिका ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली तेव्हा १,५४७ भाग झाले होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती परतली. शिवाजी साटम आणि बी. पी. सिंग यांची जोडी तर त्याहून जुनी, मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी पोलिसी मालिकेपासूनची. म्हणजे प्रद्युमन जन्मायच्या आधीच साटमांच्या अंगावर तपासाचं काम बसलेलं होतं. ‘सीआयडी’ सुरू झाली तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी पंचाहत्तरी गाठली. मधल्या काळात आपण काही दिवस सुट्टीवर असल्याचं त्यांनी वर्तमानपत्रांना सांगितलं. पंचाहत्तरीतल्या नटावर उभ्या असलेल्या मालिकेला कधीतरी पुढचा माणूस शोधावाच लागणार होता. त्यामुळे निर्मात्यांनी विचार केला यात चूक नाही. न करणं ही चूक ठरली असती.

अशा वेळी तीन वाटा असतात. पहिली, पात्र तेच ठेवून नट बदलायचा. मराठी प्रेक्षकाला याची सवय जुनी आहे. १९७० साली ‘नटसम्राट’ आलं तेव्हा डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी तीच भूमिका केली. लोकांनी तुलना केली, भांडणंही केली, पण बेलवलकर कोणा एकाच्या मालकीचे झाले नाहीत. कारण ते शिरवाडकरांच्या संहितेत होते आणि प्रत्येक नट तिथूनच त्यांना उचलत होता. टीव्हीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये शनाया आधी रसिका सुनील होती, २०१८ मध्ये ईशा केसकर आली आणि २०२० मध्ये रसिका परतली. मालिका चालत राहिली, कारण मधला खांब हलला नव्हता. राधिका तीच होती, गुरुनाथ तोच होता. ‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर, ऑगस्ट २०२५ मध्ये गेल्या आणि पुढे ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांच्याकडे आली. तिथे कारण खरं होतं आणि प्रेक्षकांना ते माहीत होतं.

प्रद्युमनच्या बाबतीत ही वाट बंद होती. या पात्राला संहिता अशी नाहीच. त्याचं आडनाव प्रेक्षकाला ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. त्याने स्वतःच्या गुन्हेगार मुलावर, नकुलवर, गोळी झाडली ही एक मोठी घटना सोडली तर त्याचा सगळा ऐवज साटमांच्या बोटांत, मानेच्या झटक्यात आणि ‘कुछ तो’ म्हणताना ओढलेल्या श्वासात आहे. नट गेला की पात्रही जातं. बेलवलकर कागदावर उरतात, प्रद्युमन उरत नाही.

दुसरी वाट, बदल हाच गोष्टीचा नियम करायचा. १९६३ साली बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ सुरू झाली. मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत खालावली तेव्हा, १९६६ मध्ये, लेखकांनी ठरवलं की हा परग्रहावरचा माणूस मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं. पॅट्रिक ट्राउटन आले आणि अडचणीतून काढलेली पळवाट मालिकेचा कणा झाली. पण मुंबईच्या पोलिसाचं शरीर बदलत नाही.

बदली मात्र होते. तिसरी वाट ही. खुर्ची तीच, माणूस नवा. ‘सीआयडी’ने हीच निवडली आणि माझ्या मते बरोबर निवडली. भोकरच्या ठाण्यात दर दोन-तीन वर्षांनी नवे साहेब येताना मी पाहिलेत. पहिले काही महिने सगळं गाव म्हणतं, ‘आधीचे साहेब वेगळे होते.’ तेच गाव आधीचे साहेब असताना त्यांच्या आधीच्यांचं नाव काढत असे. नव्या माणसाला जागा द्यायची रीत आपल्याला ठाऊक आहे. कुरकुर हा त्या रीतीचाच भाग.

मग बिघडलं कुठे?

पहिला बिघाड वेळेचा. प्रद्युमनचा मृत्यू आणि आयुष्मानचं आगमन यांच्यात श्वास घ्यायला जागाच नव्हती. एका शनिवार-रविवारी साहेब गेले आणि लगेच नव्या साहेबांची जाहिरात सुरू झाली. सत्तावीस वर्षांच्या माणसाचं सुतक आपण आठवडाभरही पाळू दिलं नाही. ज्या मालिकेने १११ मिनिटांचा भाग एकाही कटशिवाय चित्रित करून २००४ मध्ये विक्रम केला होता, तिला रिकामी खुर्ची दोन भाग दाखवण्याचा धीर नव्हता.

दुसरा बिघाड पात्रात. आयुष्मानबद्दल आपल्याला काय कळतं? तो तरुण आहे, करडा आहे आणि जुन्या मंडळींशी त्याचं पटत नाही. तिन्ही गोष्टी प्रद्युमनच्या तुलनेत सांगितलेल्या. प्रद्युमन वजा केला तर हातात काही उरत नाही. मालिकेने पोकळी लिहिली आणि त्या पोकळीला गणवेश चढवला.

याच मालिकेने पूर्वी हे काम कसं केलं होतं ते पाहा. आदित्य श्रीवास्तव १९९९ मध्ये अभिजीत म्हणून रुजू झाले ते कोणाच्या जागेवर नव्हे. तो कडेने आला, तपासात उपयोगी पडला, त्याचा भूतकाळ हळूहळू उलगडला, आणि एक दिवस लक्षात आलं की त्याच्याशिवाय चालत नाही. दयाचंही तेच. दार तोडणं हे कोणी त्याच्या ओळखपत्रावर लिहून दिलं नव्हतं. ते तोडता तोडता त्याचं झालं. ‘सीआयडी’त मोठं होण्याची एक पद्धत होती. आयुष्मानला त्याच पद्धतीने सहा महिने आधी आणता आलं असतं. साहेब हयात असताना, साहेबांशी वाद घालत, एखादी केस त्यांच्या आधी सोडवत, एखादी हरत.

तिसरी गोष्ट निवडीची. पार्थ समथानचं नाव तरुण प्रेमकथांतून झालं. ‘कसौटी जिंदगी की’च्या नव्या आवृत्तीत त्याने अनुराग केला होता, म्हणजे दुसऱ्याच्या गाजलेल्या भूमिकेचं ओझं त्याला नवं नव्हतं. ‘एवढं पोरगं एसीपी कसं?’ हा आईचा आणि बहुतेकांचा आक्षेप. पण वास्तवाच्या बाजूने बघितलं तर आयुष्मान प्रद्युमनपेक्षा जास्त खरा आहे. राज्यसेवा परीक्षेतून थेट उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त होणारी मुलं तिशीच्या आत-बाहेरचीच असतात. नांदेडच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. पाण्याची बाटली, डबा, चार वर्षं घासून गुळगुळीत झालेली खुर्ची, आणि समोर भिंतीवर चिकटवलेलं हेच पद. माझ्या वर्गातली किमान पाच जणं त्या खुर्च्यांवर बसली. एकही साहेब झाला नाही.

आणि पलीकडे अभिजीत आहे. पंचवीस वर्षं वरिष्ठ निरीक्षक. खात्यातला कोणीही सांगेल की थेट आलेला आणि बढतीने वर चढलेला यांच्यातला ताण हा रोजचा आहे. जो शिपायांची नावं, गुन्हेगारांची घरं ओळखतो त्याने एका परीक्षेच्या जोरावर आलेल्या पोराला सलाम ठोकायचा. दोघांचीही बाजू खरी. यातून वर्षभराची गोष्ट निघाली असती. प्रेक्षकांची खरी तक्रारही बहुधा हीच होती. साटम गेले याचं दुःख होतं, पण अभिजीतला डावललं याचा राग होता. मालिकेने तो राग पाहिला, जुनं-नवं असं भांडण लावलं, पण त्याच्या मुळाशी गेली नाही. आयुष्मानला एक गाव, एक अभ्यासिका, दोन हुकलेल्या मुलाखती आणि पेपरात फोटो आला म्हणून गल्लीत पेढे वाटणारा बाप दिला असता, तर माझी आईच त्याच्या बाजूने बोलली असती.

इथे मला माझं सांगावं लागेल, कारण मी या पात्राकडे इतक्या मायेने का बघतो ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी मला एका टीमचा लीड केलं. माझ्या आधी ते काम सांभाळणारे गृहस्थ त्या प्रणालीबरोबरच वाढले होते. एका शुक्रवारी त्यांना जायला सांगितलं गेलं. आमच्या धंद्यात काम सोपवण्याला केटी म्हणतात. मला चार दिवसांची केटी मिळाली. ते शांतपणे सांगत होते, मी लिहून घेत होतो, आणि आम्ही दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हतो. पहिल्या बैठकीत मी काय करावं? त्यांच्या कोडमधल्या चुका दाखवल्या. आपण वेगळे आहोत हे सिद्ध करायची घाई. समोर बसलेल्या सहा जणांचे चेहरे मी नंतर टीव्हीवर दया आणि अभिजीतच्या जागी पाहिले.

पुढे काम कसंबसं रुळावर आलं ते माझ्या हुशारीने नव्हे. एका रात्री सर्व्हर कोसळला, मला काही सुचेना, आणि मी टीममधल्या सगळ्यांत जुन्या बाईंना म्हणालो, ‘‘ते असते तर काय केलं असतं?’’ त्यांनी सांगितलं. त्या रात्रीनंतर त्या गृहस्थांचं नाव घेण्याची कोणाला चोरी राहिली नाही आणि मला हळूहळू जागा मिळाली. नव्या माणसाला जुन्याची आठवण पुसून जागा होत नाही, त्या आठवणीत सामील होऊन होते. आयुष्मानला असा एक प्रसंग कोणी लिहून दिला असता तर?

काही आठवड्यांत प्रद्युमन परत आले. साटम पुन्हा पडद्यावर दिसले याचा मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण टीकाकार म्हणून मला हा शेवट सुरुवातीपेक्षा वाईट वाटतो. आता या मालिकेतल्या कोणत्याच मृत्यूवर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि कोणत्याच नव्या माणसावरही नाही. याच मालिकेतले फ्रेड्रिक्स, दिनेश फडणीस, डिसेंबर २०२३ मध्ये खरोखर गेले. ते परत येणार नाहीत हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. खरा मृत्यू ज्या घरात होऊन गेलाय तिथे खोट्याचा खेळ जपून करायचा असतो. आणि पुढचा माणूस शोधण्याचा प्रश्न होता तिथेच आहे. उलट आता तो अधिक अवघड झालाय. पुढच्या वेळी जो कोणी त्या खुर्चीवर बसेल, त्याच्याकडे लोक पाहुणा म्हणूनच बघतील.

साहेब परतल्यावर आईचा फोन आला. खुशीत होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, ‘‘आन् ते पोरगं कुठं गेलं मग?’’

‘‘बदली झाली असेल.’’

‘‘एवढ्या लवकर?’’ ती म्हणाली. ‘‘नीट बसूबी दिलं नाही की त्याला.’’

मग तिने माझ्या जेवणाचं विचारलं.