शीव आणि सीमा

शीव आणि सीमा हे दोन शब्द आपल्या कोशांत एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले आढळतात. शीव म्हणजे सीमा, हद्द. सीमा म्हणजे शीव, मर्यादा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एवढ्याने काम भागते. परंतु ज्या मुलखात हे दोन्ही शब्द रोज बोलले जातात, त्या बेळगाव-निपाणीच्या परिसरात कोणी एकाच्या जागी दुसरा शब्द घालीत नाही. 'आमची जमीन शिवेला लागून आहे' असे शेतकरी म्हणतो. तेथे तो 'सीमेला' म्हणणार नाही. उलट वृत्तपत्रे 'सीमाप्रश्न' लिहितात, 'शिवेचा प्रश्न' असे कोणी लिहीत नाही. समानार्थी म्हणून दिलेल्या दोन शब्दांची अदलाबदल जेथे बोलणाराच करीत नाही, तेथे कोशाने सांगितलेले समानत्व तपासून पाहणे हे समीक्षकाचे काम ठरते. तेच येथे करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम कुळाचा प्रश्न. कुळ एकच आहे, याविषयी वाद नाही. दोन स्वरांमध्ये आलेल्या संस्कृत मकाराचा मराठीत वकार होतो: ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव, आमलकाचा आवळा, श्यामलाचा सावळा. ईकारापूर्वीच्या सकाराचा शकार होतो: सीवनाचे शिवण झाले. या दोन नियमांनी सीमेची शीव होते. म्हणजे ग्रामाचे गाव ज्या रीतीने झाले, त्याच रीतीने सीमेची शीव झाली. गाव आणि शीव ही एकाच घडणीची जोडी आहे. सीमा हे मूळ रूप मात्र संस्कृतातून पुन्हा उचलून आपण ग्रंथांत, कायद्यात व नकाशात वापरू लागलो. एकाच मातेची ही दोन अपत्ये. एक गावात वाढले, दुसरे कचेरीत.

गावात वाढलेल्या शब्दाचा अर्थ पाहू. शीव ही गावाभोवती फिरून स्वतःला येऊन मिळते. तिला आतली बाजू आहे, आणि आत माणसे आहेत. तिच्या आतील सर्व शेतीला शिवार म्हणतात. शिवेशी शिवाराचे नाते अर्थावरून उघड आहे. शीव ओढा, टेकाड, जुने झाड, पुरलेला दगड अशा खुणांनी ओळखली जाते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमाविवादाचे जे प्रकरण आहे, त्यातही हेच दिसते. वड-पिंपळासारखे वृक्ष, तळी, विहिरी या उघड खुणा. आणि जमिनीखाली पुरलेले दगड, हाडे, कोळसा, खापऱ्या या गुप्त खुणा. तेथे शब्द सीमा असला तरी वस्तू शीवच आहे, कारण तो वाद दोन गावांचा आहे.

शीव दोन्ही गावांची असते, ही तिची दुसरी खूण होय. एका गावाची शीव जेथे संपते तेथे दुसऱ्याची सुरू होते असे आपण बोलतो, पण रेघ एकच असते. म्हणून शीव ही भांडणाची जागा आहे तशीच भेटीचीही. याचा उत्तम पुरावा, गंमत अशी की, तत्सम शब्दांतच उरला आहे. लग्नात वरपक्ष वधूच्या गावाच्या शिवेवर आला म्हणजे सामोरे जाऊन वराची पूजा करावयाची, या विधीस आपण सीमांतपूजन म्हणतो. आज तो कार्यालयाच्या दालनात आदल्या संध्याकाळी उरकला जातो आणि त्यातील शीव नाहीशी झाली आहे. पण नाव सांगते की सीमेचा अंत हे पाहुण्याला थोपवण्याचे ठिकाण नसून त्याला घरात घेण्याचे आहे. तसेच दसऱ्याचे सीमोल्लंघन. गावची शीव ओलांडून बाहेर जावयाचे आणि सोने म्हणून आपट्याची पाने घेऊन परत यावयाचे, हा त्यातील मूळ व्यवहार. बेळगावच्या बाजूस कन्नड घरांतही त्याच दिवशी 'बन्नी' दिली-घेतली जाते. भाषा दोन, पण शिवेबाहेर जाऊन पुन्हा घरी येण्याची कल्पना एक. या दोन समासांतील सीमा ही अर्थाने निखळ शीव आहे. म्हणजे सीमा या शब्दात तो अर्थ मुळातच नव्हता असे नव्हे. तो पुढे झिजला.

झिजून काय उरले? नकाशावरची रेघ. नकाशावरची सीमा कोणाही एका गावाभोवती फिरत नाही. ती दुरून पाहिली जाते, आणि ज्या ठिकाणाहून ती पाहिली जाते ते ठिकाण राजधानीचे असते. शीव म्हणणारा माणूस स्वतः मध्यभागी उभा असतो. सीमा म्हणणाऱ्याच्या दृष्टीने तेथे राहणारा माणूस कडेला असतो. दोन शब्दांतील खरा भेद आमच्या मते हाच आहे. लांबीरुंदीचा किंवा लहानमोठेपणाचा भेद गौण आहे. पाहणारा कोठे उभा आहे, हा भेद मुख्य आहे.

हे केवळ शब्दच्छल नव्हे, हे सीमाप्रश्नाच्या इतिहासावरून दिसते. राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ साली आला. पुनर्रचनेचा विचार करताना त्याने सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. केवळ चंदगड तालुका मागे राहून पुढे कोल्हापूर जिल्ह्याचा भाग झाला. महाराष्ट्राने मागणी केली ती खेडे हा घटक धरण्याची. त्याबरोबर भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत या कसोट्या मांडल्या. आंध्र आणि मद्रास यांच्या वादात ह. वि. पाटसकर यांनी हीच तत्त्वे लावली होती, आणि १९५९ साली त्यासाठी संसदेत कायदा झाला होता. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ सालच्या त्याच्या अहवालात निपाणी व खानापूर यांसह २६४ गावे महाराष्ट्रास, तर २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने तो अहवाल स्वीकारला नाही. ८६५ गावांचा दावा घेऊन महाराष्ट्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला.

या वादातील न्यायान्यायाचा निर्णय देण्याचे हे स्थळ नव्हे. आमचे लक्ष शब्दाकडे आहे. 'खेडे हा घटक' या मागणीचा भाषेच्या अंगाने अर्थ असा की, रेघ ओढताना जिल्ह्याच्या सीमेने न जाता गावाच्या शिवेने जावे. एका बाजूस सीमेचे तर्कशास्त्र आहे: कारभार सोपा हवा, ठाणे हाताशी हवे, रेघ सरळ हवी. दुसऱ्या बाजूस शिवेचे तर्कशास्त्र आहे: आत माणसे कोण आहेत ते आधी पाहा. आणि शेवटी राज्याची सीमा तरी कशाची बनते? महसुली नकाशा उघडून पाहिला तर ती गावांच्या शिवांना शिवा जोडूनच पुढे सरकते. शिवेवाचून सीमा उभी राहू शकत नाही. शीव मात्र सीमेवाचून शेकडो वर्षे उभी होती. असे असता आपल्या लेखनात सीमा हा शब्द शंभरदा यावा आणि शीव एकदाही येऊ नये, हे भाषेच्या दृष्टीने तरी उलटे घडले आहे.

शेजारच्या कन्नड भाषेने याच सीमा शब्दाचे काय केले, हे पाहणे येथे उपयोगी होईल. कन्नडात 'सीमे' म्हणजे रेघ नव्हे, मुलूख. तेलुगूत रायलसीमा म्हणजे रायांचा मुलूख. हाच अर्थ पुढे ताणला जाऊन दूरचा मुलूख, विलायत असा झाला, म्हणून आपण ज्याला रॉकेल म्हणतो त्याला कन्नडात 'सीमे एण्णे', म्हणजे विलायतेचे तेल, म्हणतात. हद्दीसाठी त्या भाषेत 'एल्ले' आणि 'गडि' हे शब्द आहेत. ज्या भागाला आपण सीमाभाग म्हणतो, त्या प्रकारच्या भागाला तिकडे 'गडिनाडु' म्हणतात. म्हणजे एकच संस्कृत शब्द घेऊन कन्नडाने त्याचा आतील भाग ठेवला आणि मराठी ग्रंथभाषेने त्याची कड ठेवली. मराठी बोलीने मात्र शीव आणि शिवार या जोडीत दोन्ही सांभाळले. निपाणीच्या बाजारात तंबाखू घेऊन येणाऱ्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाची भाषा मराठी व दुसऱ्याची कन्नड असली, तरी हे दोन्ही अर्थ एकमेकांशेजारी बसून व्यवहार करीत आले आहेत.

आता साहित्याकडे वळू. आमची खरी तक्रार तेथे आहे. 'सीमाभागातील साहित्य' हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत रूढ झाला आहे. त्यामागील आस्था आम्ही नाकारीत नाही. परंतु या प्रयोगाने लेखकाची ओळख त्याच्या शिवारावरून न होता नकाशावरून होते. बेळगावास १९२९ साली शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, तेव्हा ते गाव मुंबई इलाख्यातील एका जिल्ह्याचे ठाणे होते. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली तेथेच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. २००० साली य. दि. फडके अध्यक्ष असताना संमेलन पुन्हा तेथे भरले. या सर्व काळात बेळगाव आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही. ते मध्यातून कडेला गेले ते रेघ हलल्यामुळे. मग तेथील लेखकाच्या कृतीचे मोल ठरवताना ही हललेली रेघ प्रथम का सांगावी?

इंदिरा संत बेळगावी राहिल्या आणि लिहीत राहिल्या. त्यांची कविता सीमाभागातील कविता म्हणून कोणी वाचत नाही, आणि ते योग्यच आहे. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचा. त्यांच्या कथेला ही चिठ्ठी चिकटवण्याचे धाडस कोणी करणार नाही. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथांत कन्नड शब्द आणि कन्नड हेल इतके सहज येतात की, तेथे दोन भाषांची सीमा आहे असे वाचकाला जाणवतच नाही. त्या मुलाचे जग शिवेने वेढलेले जग आहे: शाळा, मैदान, गल्ली, आजीआजोबांचे घर. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत लिहीत राहिले. त्यांच्या कथेतील कष्टकरी माणसे आपण नकाशाच्या कडेला राहतो असे समजून जगत नाहीत. ज्यांची ख्याती सर्वत्र झाली त्यांना आपण नुसते लेखक म्हणतो आणि ज्यांची तेवढी झाली नाही त्यांना सीमाभागातील लेखक म्हणतो. हा भेद भूगोलाचा नसून आपल्या आळसाचा आहे.

याला एक आक्षेप येईल. सीमाभाग हे नाव तेथील लोकांनी स्वतः स्वीकारले आहे, त्या नावाने त्यांनी लढा दिला, तुरुंगवास सोसला. ते नाव काढून घेणारे आपण कोण? आक्षेप बिनतोड आहे, आणि राजकीय भाषेत ते नाव राहावे असेच आम्हांस वाटते. ज्याच्यावर रेघ ओढली गेली त्याला त्या रेघेचे नाव घेऊन बोलावेच लागते. परंतु लढ्याचे नाव आणि रसग्रहणाचे नाव एक असण्याची गरज नाही. मागणीच्या पत्रात सीमा लिहिणारा मनुष्य त्याच संध्याकाळी घरी शीव म्हणतो. समीक्षकाने त्याचे दोन्ही शब्द ऐकावेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आम्हीच मांडतो. शिवेचे आम्ही जे वर्णन केले त्यावरून ती सर्वस्वी मायेची व सीमा सर्वस्वी कोरडी असा समज होऊ नये. शिवेसाठी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या वैरे केली. मराठेशाहीत शिवेचे तंटे गोतसभेपुढे चालत, महजर होत, प्रसंगी दिव्यही करावे लागे. या तंट्यांत महाराची साक्ष फार मोलाची मानली जाई, कारण गावची शीव त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसे. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच स्मरणावर गावाची शीव उभी होती. शीव या शब्दाचा इतिहास लिहिणाऱ्याने हा भाग गाळला तर ते वर्णन खोटे होईल. आतली बाजू असणे म्हणजे आतील सर्वांना जागा असणे नव्हे. म्हणून सीमेच्या जागी शीव बसवा, एवढेच आमचे सांगणे नाही. दोन्ही शब्द त्यांच्या त्यांच्या अर्थाने वापरा, आणि एकाने दुसऱ्याचा अर्थ गिळू देऊ नका, असे सांगणे आहे.

शिक्षकबंधूंना यातून दोन गोष्टी सहज करता येतील. समानार्थी शब्द शिकवताना शीव, सीमा, हद्द, वेस, मर्यादा ही नुसती यादी फळ्यावर न लिहिता प्रत्येकाचे वाक्य मुलांकडून करून घ्यावे. शिवार, सीमांतपूजन आणि सीमोल्लंघन हे शब्द त्यांना उलगडून दाखवावेत. वेस ही गावठाणाचे दार आहे आणि शीव ही शेतांच्याही पलीकडे आहे, एवढा भेद जरी मुलांच्या ध्यानी आला तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट साहित्यसंस्थांनी हाती घ्यावयाची आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांतील गावांत हद्दीच्या खुणांना मराठीत व कन्नडात कोणकोणती नावे आहेत, ओढ्यांना, टेकाडांना, तीन गावांच्या शिवा मिळतात त्या जागांना कोण काय म्हणतो, याची नोंद व्हावयास हवी. मोजणी यंत्राने होऊ लागल्यापासून खुणांची गरज उरली नाही, आणि गरज संपलेले शब्द लवकर जातात. शीव पायी फिरलेली माणसे दोन्ही भाषांत अजून आहेत. त्यांना विचारावयास जाताना कार्यकर्त्यांनी दोन्ही भाषांचे जाणकार बरोबर न्यावेत. कारण शिवेच्या एका बाजूचेच उत्तर घेतले, तर ती नोंद शिवेची न होता पुन्हा सीमेचीच होईल.