‘प्रयोगशाळेत सिद्ध’ : एका वाक्याची चिकित्सा

मराठीत वनौषधींवर लिहिण्याची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ कित्येक घरांत पोथीसारखा जपला गेला. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘औषधीसंग्रहा’चा आधार आजही घेतला जातो. पुढे याच परंपरेतून वृत्तपत्री सदरे, पुस्तिका आणि विशेषांकांतले लेख निघाले. हे लेखन मी बरीच वर्षे जमवत आणि वाचत आले आहे. त्याची रचना आता जवळपास ठरून गेली आहे. आधी वनस्पतीची संस्कृत नावे, मग रस-वीर्य-विपाक, मग आजीबाईच्या बटव्यातले उपयोग आणि शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य : ‘आधुनिक संशोधनानेही हे आता सिद्ध झाले आहे.’ प्रस्तुत लेख त्या एका वाक्याविषयी आहे.

या वाक्यातले सर्वांत कामाचे अक्षर म्हणजे ‘ही’. ‘संशोधनानेही’ म्हटले की निकाल आधीच लागलेला असतो आणि प्रयोगशाळेला फक्त होकार द्यायला बोलावलेले असते. होकार दिला तर तिचे नाव छापायचे, नकार दिला तर ‘आपल्या शास्त्राची त्यांना समज नाही’ म्हणायचे. ‘सिद्ध’ हा शब्दही फसवा आहे. वैद्याच्या घरात ‘सिद्ध तेल’ म्हणजे औषधी घालून कढवलेले तेल. तर्कशास्त्रात ‘सिद्ध’ म्हणजे शंकेला जागा न उरलेले. आपल्या लेखांत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात, आणि काचेच्या नळीत काही तयार झाले म्हणजे काही शाबीत झाले, असा समज वाचकाच्या गळी उतरतो.

मी प्रयोगशाळेत काम केलेले नाही. हे शोधनिबंध मी वाचक म्हणून वाचते. पण कुठल्याही मजकुराला जे प्रश्न आपण विचारतो, म्हणजे शब्द कोणता, तो कशासाठी वापरला, काय गाळले, ते याही मजकुराला विचारता येतात.

अर्क म्हणजे नेमके काय?

पहिला प्रश्न ‘अर्क’ या शब्दाचा. आयुर्वेदाला वनस्पतीतून औषध काढण्याच्या रीतींचे मोठे भान होते. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच कल्पना वेगवेगळ्या मानल्या, कारण ठेचून पिळलेला रस, वाटलेला गोळा, उकळून आटवलेला काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवलेले पाणी आणि गरम पाण्यात चहासारखे मुरवलेले पाणी यांत एकच द्रव्य उतरत नाही. अर्क म्हणजे ऊर्ध्वपातन करून मिळवलेला. आज मात्र या सगळ्याला आपण ‘अर्क’ म्हणतो.

प्रयोगशाळेत बहुधा होते असे : वनस्पती सावलीत वाळवून भरड करतात आणि सॉक्सलेट नावाच्या उपकरणात मिथेनॉल किंवा इथेनॉल तिच्यातून पुन्हा पुन्हा फिरवतात. मग द्रावक उडवून खाली उरलेल्या चिकट गाळावर चाचण्या करतात. ही पद्धत चुकीची नाही. काय काय आहे ते शोधायचे तर ती उपयोगीच आहे. पण मिथेनॉल विषारी आहे, त्याचा काढा कोणी पीत नाही. मिथेनॉलमध्ये जे उतरले ते घरच्या पातेल्यात उतरतेच असे नाही. गुळवेलीचेच पाहा. तिच्या कांडांचा काढा वेगळा, काढा आटवून केलेला घन वेगळा आणि ‘सत्त्व’ तर अगदीच वेगळे, कारण कांडे ठेचून पाण्यात कोळून खाली बसलेला तो बहुतांशी पिष्टमय गाळ असतो. यांपैकी एकावरचा निष्कर्ष दुसऱ्याच्या बाटलीवर छापता येत नाही. तो छापला मात्र जातो.

द्रावकाचा आणि उष्णतेचा प्रश्न किती निर्णायक असतो, याचे सर्वांत लखलखीत उदाहरण चीनमधले आहे. हिवतापावर औषध शोधणाऱ्या थू योयो यांच्या गटाला छिंगहाव या वनस्पतीच्या अर्काचे निकाल धड मिळत नव्हते. एकदा चांगला, एकदा वाईट. तेव्हा त्यांनी चौथ्या शतकातल्या गे हुंग यांच्या ग्रंथातली कृती पुन्हा वाचली. तिथे वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्या, असे सांगितले होते. उकळा असे नव्हते. उष्णतेने द्रव्य नासत असावे, हा तर्क त्या क्रियापदातून निघाला. त्यांनी सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणारे ईथर वापरले. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांमधल्या हिवतापावर पूर्ण प्रभावी ठरला. पुढे गटातल्या लोकांनी आधी स्वतः अर्क घेऊन पाहिला, मगच रुग्णांना दिला. १९७२ मध्ये शुद्ध द्रव्य हाती आले, आणि २०१५ मध्ये थू योयो यांना नोबेल मिळाले.

आपल्याकडे ही गोष्ट ‘प्राचीन ज्ञानाचा विजय’ म्हणून सांगितली जाते. मला ती बारकाईने केलेल्या वाचनाची गोष्ट वाटते. जुन्या ग्रंथाने उत्तर दिले नाही, एक खूण दिली. ती खूण दिसली, कारण वाचणाऱ्याच्या हातात फसलेले प्रयोग होते. ‘हिम’ आणि ‘क्वाथ’ यांतला भेद ज्या परंपरेने इतका जपला, तिचे आजचे भाष्यकार सगळ्यांना ‘अर्क’ म्हणून मोकळे होतात, ही खंत करण्याजोगी गोष्ट आहे.

नळीतले रंग आणि वलये

दुसरा प्रश्न चाचणीचा. ‘अँटिऑक्सिडंट गुण आढळले’ हे विधान बहुतेक वेळा डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणावरून आलेले असते. अर्क टाकला की जांभळा रंग फिका होऊन पिवळट होतो, तो किती उतरला हे ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. चाचणी स्वस्त, झटपट आणि पुन्हा पुन्हा करता येण्याजोगी आहे. पण ती कोण उत्तीर्ण होते? चहा होतो, कॉफी होते, जवळपास कोणतेही तुरट पान होते. तुलनेसाठी ठेवलेले क जीवनसत्त्वही होते. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अशाच एका मापनाची, ‘ओरॅक’ची, यादी प्रसिद्ध केली होती. ती २०१२ मध्ये त्यांनीच काढून घेतली. नळीतले आकडे शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगत नाहीत आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, हे कारण दिले होते. आपल्या लेखनात या माघारीची नोंद क्वचितच दिसते.

जिवाणूंच्या चाचणीत आगरच्या थाळीत भोक पाडून अर्क घालतात आणि भोवती उमटलेले निर्जंतुक वलय मिलिमीटरमध्ये मोजतात. वलय मोठे म्हणजे औषध प्रभावी, असे वाचकाला वाटते. पण लहान रेणू आगरमध्ये लांबवर झिरपतो, मोठा किंवा तेलकट रेणू जागीच राहतो. वलयाचा आकार ताकद जितकी सांगतो तितकेच झिरपणेही सांगतो.

खरा कस मात्रेत लागतो. २००६ मध्ये या क्षेत्रातल्या काही संशोधकांनी एक मर्यादा सुचवली : अर्काचा निम्मा परिणाम मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत दिसत असेल तरच पुढे जावे. ही मर्यादासुद्धा सैल आहे. माणसाच्या रक्तद्रवाचे प्रमाण साधारण ३ लिटर धरले, तर तेवढी तीव्रता यायला ३०० मिलिग्रॅम अर्क एकाच वेळी नुसत्या रक्तद्रवात असायला हवा, तोही आतडे आणि यकृत यांतून अबाधित पार होऊन. अर्कावरचे कितीतरी निबंध मात्र मिलिलिटरला काही मिलिग्रॅम, म्हणजे या मर्यादेच्या दहापट आणि त्याहून जास्त मात्रेवर उभे असतात. इतक्या दाट द्रावणात जिवाणू मेला, याचे आश्चर्य वाटायला नको.

तीन साक्षी

सर्पगंधा ही आपली सर्वांत ठोस साक्ष. १९३१ मध्ये सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी दिल्लीत तिच्यातली अल्कलॉइडे वेगळी केली. त्याच वर्षी कलकत्त्याहून गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असे नोंदवले. पण जगाचे लक्ष गेले ते १९४९ मध्ये, जेव्हा मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत रिसर्पिन वेगळे झाले. पुढे या औषधाने काही रुग्णांना नैराश्य येते असेही अनुभवाला आले आणि त्याचा वापर ओसरला. हे सारे मिळून ‘सिद्ध होणे’ असते. त्यात मात्रा, माणसे, वर्षे आणि दुष्परिणामसुद्धा असतात.

गुग्गुळाची साक्ष गुंतागुंतीची आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून सशांवर काम केले आणि रक्तातली चरबी कमी झाल्याचे दाखवले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यावरून ‘गुगुलिपिड’ हे औषध तयार झाले, आणि भारतातल्या रुग्णांवरचे निष्कर्षही अनुकूल आले. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ प्रौढांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. तिच्यात निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्के उतरले, तर गुगुलिपिड घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्के वाढले. आहारात फरक असेल, प्रकृतीत असेल. वाद घालायला जागा आहे. पण आपल्या सदरांमधला गुग्गुळ सशांपाशीच थांबला आहे.

हळदीची साक्ष तर साहित्याच्या अभ्यासकाने वाचावी अशी आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण पेटंट रद्द का झाले? ज्ञान नवे नाही म्हणून. आपले पुरावे जुन्या ग्रंथांचे आणि छापील लेखांचे होते, आणि त्यांनी सिद्ध झाले ते हळदीच्या वापराचे वय. तिचा गुण तिथे तपासलाच गेला नाही. तरीही मराठीत तो निकाल ‘हळदीचे औषधी गुण जगाने मान्य केले’ अशा शब्दांत रूढ झाला. पुढे २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’तल्या विस्तृत समीक्षेने दाखवले की कर्क्युमिन अस्थिर आहे, फारच थोडे रक्तात पोचते, शिवाय स्वतः चमकणारे असल्याने चाचण्यांच्या प्रकाशमापनातच घोळ घालते. १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही काटेकोर कसोटीवर यश मिळालेले नाही, असा त्या लेखकांचा निष्कर्ष होता. त्यावर हरकतीही घेतल्या गेल्या. त्या हरकतींसकट हा वाद मराठीत यायला हवा होता.

काटेकोरपणा एकाच बाजूने

एवढ्यावर हा प्रश्न केवळ लेखनशैलीचा वाटेल. तो तसा राहिलेला नाही. कोविडच्या काळात घरोघर गुळवेल उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे पृथक्करण केलेले नाही, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल, असे आक्षेप घेतले. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची अशीच नोंद आली.

मंत्रालयाचे आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या रास्त होते, आणि म्हणूनच मला ते महत्त्वाचे वाटतात. वनस्पती नेमकी कोणती, मात्रा किती, रुग्णाला आधीचा आजार कोणता, हे विचारलेच पाहिजे. पण हे प्रश्न गुळवेलीची स्तुती करणाऱ्या निबंधांना त्याच आवाजात कोणी विचारले का? बाजारातल्या चूर्णात क्रिस्पा मिसळत असेल, तर ते चूर्ण गुणकारी आहे, हे विधानही तितकेच डळमळीत होते. अपायाच्या बातमीला पुरावा मागायचा आणि गुणाच्या बातमीला हार घालायचा, हा परंपरेचा आदर नव्हे. चरकसंहितेत अनोळखी औषधाला विषाची, शस्त्राची, अग्नीची उपमा दिली आहे. त्या आदराची रीत ती आहे.

‘मग काय घरगुती उपाय सोडून द्यायचे?’ असे कोणी विचारील. तसे माझे म्हणणे नाही. खोकल्याला आले-तुळशीचा काढा घेणाऱ्याला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही, आणि त्याने तो मागितलेलाही नाही. शिक्का लागतो तो मधुमेहाची गोळी सोडून चूर्णावर विसंबणाऱ्याला. त्याच्या हातात आपण ‘सिद्ध’ हा शब्द देतो, तेव्हा लिहिणाऱ्यावरही जबाबदारी येते.

म्हणून मराठी संपादकांना आणि लेखकांना माझी सूचना साधी आहे. ‘संशोधनाने सिद्ध’ असे वाक्य आले, की त्यापुढे चार गोष्टी मागाव्यात : वनस्पती कोणी ओळखली आणि तिचा नमुना कुठे जपला आहे, कोणता भाग, कशात आणि कसा काढला, मात्रा किती, आणि चाचणी नळीत, उंदरात की माणसात. हे चार तपशील एका ओळीत बसतात. ते मिळत नसतील तर ‘सिद्ध’च्या जागी ‘आढळले’ लिहावे, आणि ‘संशोधनानेही’मधला ‘ही’ काढून टाकावा.