बर्लिनचा केर आणि आपली सही

बर्लिन शहराचा कचरा उचलणारी एक सरकारी कंपनी आहे, बीएसआर. तिची एक गाजलेली घोषणा आहे: 'वुई केर फॉर यू'. मधला शब्द इंग्रजीतला 'केअर' नाही. स्पेलिंग जर्मन आहे, आणि जर्मनमध्ये 'केरेन' म्हणजे झाडणं. कानाला ऐकू येतं 'आम्ही तुमची काळजी घेतो', डोळ्यांना दिसतं 'आम्ही तुमच्यासाठी झाडतो'. याच कंपनीच्या कचऱ्याच्या डब्यांवर 'आयमर फ्यूर आले' असंही लिहिलेलं असतं. 'आयनर फ्यूर आले' म्हणजे सर्वांसाठी एक, ते थ्री मस्केटियर्सवालं. 'आयमर' म्हणजे बादली. एक अक्षर बदललं आणि तलवारबहाद्दराची बादली झाली.

आता हे इंग्रजीत करून दाखवा. बादलीचं ओढूनताणून जमेल, 'बिन फॉर ऑल' वगैरे. पण पहिली घोषणा इंग्रजीत न्यायची कशी? ती तर तीन चतुर्थांश इंग्रजीच आहे! उरलेला एक शब्द इंग्रजी केला की नुसतं 'आम्ही तुमची काळजी घेतो' उरतं. असं तर प्रत्येक बँक, हॉस्पिटल आणि विमा कंपनी म्हणते. झाडू गेला, विनोद गेला.

आणि मराठीत? मराठीत काहीच करावं लागत नाही. केर. केर काढणं, केरकचरा, केरसुणी. उच्चार जवळजवळ तोच, अर्थही शेजारचाच. 'टेक केर' असं आपण म्हणतोच. 'तुमचा केर, आमची केअर' अशी ओळ घंटागाडीवर उद्या रंगवता येईल. (यावरून जर्मन मुळात मराठीतून निघाली असा मेसेज कृपया फॉरवर्ड करू नका. हा निव्वळ योगायोग आहे.) तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी घंटागाड्यांवर हिंदी गाणंच वाजत असतं.

शब्दखेळाचा अनुवाद होत नाही, असं आपल्याला सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. जर्मन घोषणा इंग्रजीत नेणाऱ्यांनी काय काय केलं ते बघा. हरिबो गोळ्यांच्या जर्मन घोषणेत 'फ्रो' आणि 'एबेनझो' ही यमकं ब्रँडच्या नावाला जुळतात. इंग्रजीत त्यांनी शब्द सोडून दिले, यमक तेवढं धरून ठेवलं. आउडीने त्याहून धाडस केलं. 'फोरश्प्रुंग डुर्ख टेक्निक', म्हणजे तंत्रज्ञानाच्या जोरावर आघाडी, ही ओळ १९८२ पासून ब्रिटनमध्ये जशीच्या तशी जर्मनमध्ये वापरली. अर्थ कळो न कळो, 'हे जर्मन आहे' एवढं कळणं पुरेसं होतं. उलट दिशेचा किस्सा डग्लस या सुगंधी वस्तूंच्या दुकानांचा. त्यांची जर्मनीतली घोषणा इंग्रजीत होती, 'कम इन अँड फाइंड आउट'. एंडमार्क नावाच्या कंपनीने २००३ मध्ये लोकांना अर्थ विचारला, तेव्हा बऱ्याच जणांनी तो 'आत या आणि बाहेरचा रस्ता शोधा' असा लावला.

या तिन्ही ठिकाणी कुणीतरी जाणूनबुजून निर्णय घेतला होता, डग्लसचा फसला तरी. आपल्याकडे तो निर्णयच होत नाही, ही माझी तक्रार आहे. मराठी जाहिरात बहुतेकदा हिंदीतून येते. काही वर्षं मी हे काम पुण्यात बसून केलं आहे. एका एजन्सीकडून एक्सेल शीट यायची. डावीकडे हिंदी ओळ, मग मराठी, गुजराती, बंगालीचे रिकामे रकाने, आणि अक्षरांची मर्यादा हिंदीएवढीच. लिपी एक, अर्धे शब्द सारखे, म्हणून मराठीला सगळ्यात कमी वेळ. 'है' काढा, 'आहे' टाका.

पण सारखे दिसणारे शब्दच तर दगा देतात. 'दाग अच्छे हैं' घ्या. युनिलिव्हरची जगभरची ओळ 'डर्ट इज गुड' होती. हिंदीवाल्यांनी मातीऐवजी डाग निवडला, आणि ते अफाट होतं, कारण 'दाग' म्हटलं की कपड्याबरोबर अब्रूही आठवते. मराठीत शब्दाला शब्द ठेवून 'डाग चांगले आहेत' म्हटलं तर अब्रूचा अर्थ येतोच. पण मी दुसरबीडची आहे, सिंदखेडराजा तालुक्यातली. (बीड जिल्ह्यातली नाही. हे दर वेळी सांगावं लागतं.) आमच्याकडे डाग म्हणजे दागिनासुद्धा. माझी आजी म्हणायची, "माह्या अंगावर आता येक डागबी नाही राह्यला." ते दुःख साबणाचं नव्हतं, सोनाराकडे गहाण पडलेल्या पोतीचं होतं. डाग चांगले असतात हे आजीला कुणी पटवून द्यायची गरजच नव्हती. मराठीला हिंदीपेक्षा एक अर्थ जास्त मिळत होता, आणि तो तसाच पडून राहिला.

डागाने कुणाचं नुकसान झालं नाही. 'सही'चं मात्र मला तेवढं सोपं वाटत नाही.

'म्युच्युअल फंड सही है' ही २०१७ ची मोहीम. हिंदीत 'सही' म्हणजे योग्य, आणि बोलीत 'भारी' असंही. एका शब्दात मोठ्यांचा सल्ला आणि पोरांची दाद, उत्तम काम. मराठीत ते 'सही आहे' झालं. मराठी 'सही'ला 'भारी' हा अर्थ आहेच. भरत जाधवचं 'सही रे सही' २००२ पासून नाट्यगृहं भरत होतं. 'योग्य' मात्र मराठीत गळून पडतं, त्यासाठी आपण 'बरोबर' म्हणतो. त्याच्या जागी येते स्वाक्षरी. गावात 'सही' शब्द सगळ्यात जास्त कुठे ऐकू येतो? बँकेत, सोसायटीत, तलाठ्याकडे. 'इथं सही करा.' कशावर, ते सांगितलंच जातं असं नाही. कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही करून पस्तावलेला एक तरी माणूस तुमच्या नात्यात असेल.

त्याच जाहिरातीच्या शेवटी धोक्याची सूचना असते, भरधाव वाचलेली. गुंतवणूक 'बाजारातील जोखमीच्या अधीन' आहे, 'दस्तऐवज काळजीपूर्वक वाचा', अशा धर्तीची. 'अधीन' ही इंग्रजीतल्या 'सब्जेक्ट टू'ची शाळकरी सावली आहे. मराठीत माणूस पराधीन असतो, यश ईश्वराधीन असतं. पैसा जोखमीच्या अधीन म्हणजे नेमका कुठे गेला? आणि 'दस्तऐवज' आमच्याकडे कुणी वाचत नाही, आम्ही कागद वाचतो. 'पैसे कमी होऊ शकतात' हे चार शब्द तिथे नाहीत. भुरळ घालणाऱ्या ओळीला कवी मिळाला आणि सावध करणाऱ्या ओळीला डिक्शनरी.

सूचनेचा मजकूर सेबीने ठरवून दिलेला असतो, त्यामुळे एजन्सीला तो बदलता येत नाही, हे मान्य. पण घोषणा तर त्यांच्या हातात होती, आणि मराठीने ती ताटात वाढून ठेवली होती. हिंदीत न जमणारी गोष्ट इथे जमत होती. घोषणा आणि इशारा एकाच शब्दात बसत होते: सही आहे, पण सही करण्याआधी कागद वाचा.